हिरव्या पाटीसमोरची खोली

ते घर कुणालाच मानवत नव्हतं. चौकाच्या अगदी नाकावर, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खिडकी. खाली पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याचं दुकान, दारात बसचा थांबा, समोर रात्रभर उघडं राहणारं औषधांचं दुकान. भाडेकरू हौसेनं यायचे, सामान लावायचे आणि थोड्याच दिवसांत डोकं धरून जिना उतरायचे. शेवटचा तर वाळत टाकलेली चादर तिथेच विसरून गेला होता. ती अजून दांडीवर लोंबत होती.

"बाजार पायाखाली, दवाखाना हाकेवर, बस दारात," दलाल म्हणाला. "शहराच्या मधोमध याहून काय हवं माणसाला?"

"झोप," घर बघायला आलेल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

दलालानं ते ऐकलं नाही असं दाखवलं. तसंही घर त्या बाईंना नकोच होतं. त्या आल्या होत्या भावासाठी आणि भावजयीसाठी, त्या दोघांचं तोंड आणि कान होऊन. दोघंही जन्माची बहिरी. भाऊ पितळेच्या पाट्या कोरायचा, दारांवरच्या, दुकानांवरच्या, वकील-डॉक्टरांच्या. भावजय तयार कपड्यांच्या दुकानाचं काम घरी आणून करायची, कुणाची कंबर उसव, कुणाची बाही आखूड कर.

बहिऱ्या माणसांत कागदावरचं नाव चालत नाही. हाताला सुचेल ते नाव. भावाचं नाव तळव्यावर नखानं ओढलेली रेघ, म्हणून तो कोरक्या. भावजयीचं नाव चिमटीत धरलेली सुई, म्हणून ती सुई. आणि या बाईंचं नाव डोळ्यांभोवती दोन वर्तुळं. त्या सुईच्या नणंदबाई. हातांचं बोलणं कागदावर उतरवायचं तर ते तोंडच्या बोलण्यासारखंच लिहावं लागतं, आणि ते असतंही तसंच. त्यात लाडीगोडी असते, टोमणे असतात, तळव्यातल्या तळव्यात पुटपुटणंही असतं.

"नका घेऊ," नणंदबाईंचे हात म्हणाले. "इथे कानठळ्या बसतात. आता या मिनिटाला मला माझेच विचार ऐकू येत नाहीयेत."

"कान तुम्हाला, कानठळ्या तुम्हाला," सुई म्हणाली. "आम्हाला काय त्याचं?"

तिनं चपला काढल्या आणि फळ्यांच्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली. खालून पत्र्यावर हातोडा पडत होता. तो ठोका भिंतीतून चढायचा, फळ्यांतून पसरायचा आणि तिच्या टाचांना येऊन बिलगायचा. तिच्या माहेरची जमीन दगडी होती. तिथं पाय ठेवला की घर मेल्यासारखं गप्प. इथं मात्र कुणीतरी तळपायाशी सारखं म्हणत होतं, आहे हो, मी आहे.

"घर जागं आहे," तिनं नवऱ्याला सांगितलं.

संध्याकाळ झाली. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी पेटली आणि खोलीभर हिरवा उजेड सांडला. सुईनं खोलीतला दिवा बंद केला.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?" कोरक्या म्हणाला.

त्याची बोटं, त्याचा अंगठा, प्रश्न विचारताना चढलेली त्याची भुवई, सगळं तिला दिसलं. दिवा मालवला की ऐकणाऱ्यांची कुजबूज सुरू होते. या दोघांची लग्नापासून तिथेच संपत आली होती. मनात आलेलं शेवटचं वाक्य सकाळपर्यंत तसंच उशीखाली राहायचं.

"घ्यायचं," सुई म्हणाली.

मालकीणबाई मागच्या अंगाच्या खोल्यांत राहायच्या, जिथे चौकाचा आवाज गाळून येई. त्यांची जीभ वस्तऱ्यासारखी होती. त्या शेजारणीला म्हणाल्या, "देव पावला गं. भाडेकरू असे मिळालेत की ज्यांना तक्रार ऐकायचीही नाही आणि करायचीही नाही."

तक्रारी होत्या, पण त्या कुणाच्या नसतात? पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत पहाटेच चढायचं, आणि तेही रुसलेल्या जावयासारखं, मिनतवाऱ्या करून. जिना अरुंद, कपाट वर चढेना. भिंतीत खिळा मारायला करारात बंदी. साऱ्या रस्त्याची नावं कोरणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाराला पाटी लावता आली नाही. "परक्याच्या भिंतीवर आपलं नाव," तो हसून म्हणायचा, "मी लोकांची कोरून दमतो, माझं राहू दे." भाडं करारागणिक चढत जाई, तेव्हा मात्र हसत नसे.

पण बाकी सगळं किती जवळ होतं. कोरक्याचं दुकान दोन गल्ल्या टाकून. कपड्यांचं दुकान रस्त्यापलीकडे. भाजीवाल्याला त्यांचे हात कळू लागले, बसच्या वाहकाला कळू लागले. औषधवाल्यानं तर डोकेदुखीची खूण स्वतःच शोधून काढली आणि ती इतकी मजेशीर होती की सुई उगीच डोकं दुखल्याचं सांगायला जाई. सुट्टीच्या दिवशी शहराच्या चारी टोकांची बहिरी माणसं चौकातल्या बाकाभोवती जमायची, कारण चौक सगळ्यांना सारखा दूर आणि तिथल्या दिव्याखाली काळोख नाही. वरच्या खिडकीतून बघितलं तर वाटे, एखाद्या झाडावर पाखरं उतरलीत.

मग मुलगी झाली.

दवाखान्यात नर्सनं तिच्या कानाशी टाळी वाजवली आणि ते इवलंसं अंग दचकलं. नणंदबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "ऐकते गं," त्यांचे हात म्हणाले. "ऐकते ही." सुईनं मान डोलावली. तिला ते लेकीच्या रंगासारखं, केसांसारखं वाटलं. आहे तर आहे. तिची बोटं वेगळंच शोधत होती, लेकीचं नाव. हनुवटीवर बारीकशी खळी होती. तिथे बोट टेकवलं आणि नाव झालं. खळी.

रडणं ऐकू येत नाही, म्हणून सुईनं एक मऊ दोरा लेकीच्या मनगटाला आणि एक स्वतःच्या मनगटाला बांधला. तिकडे मूठ हलली की इकडे जाग. नाळ कापली तरी दोरा होता. पहिले काही दिवस तो दोरा सारखा ओढला जाई. पत्र्याच्या प्रत्येक ठोक्याला खळी दचके. मग हळूहळू दचकणं थांबलं, आणि उलटंच सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असलं की, पोर दिवसभर किंचाळायची. आईबापांना काही उमगेना. अंग तापलेलं नाही, पोट दुखत नाही. शेवटी मालकीणबाई तरातरा वर आल्या, स्वयंपाकघरातलं पातेलं उचललं आणि उलथन्यानं बडवू लागल्या. खळी गप्प झाली आणि झोपली.

"अंगाई म्हणे," मालकीणबाई निघताना म्हणाल्या. "आम्हाला चांदोबा होता, हिला हातोडा."

सुईनं ते ओठांवरून अर्धंमुर्धं वाचलं आणि हसली. त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी पातेलं बडवायचं काम कोरक्याकडे आलं. किती जोरात, ते त्याला कळत नसे. शेजारच्यांना कळे.

खळी वाढू लागली तसे तिचे हात आधी बोलू लागले. बोटं नीट उघडायच्या आधी दूध मागितलं, मग चंद्र मागितला. बापासारखी भुवई चढवून भांडू लागली. पण नणंदबाई दर खेपेला एकच सांगायच्या, "हिच्या तोंडालाही वळण लावायला हवं. हिला शब्द ऐकू द्या."

हे सुईनं मनावर घेतलं. आपल्याजवळ नाही ते लेकीला द्यायचं कुठून? तिनं विचार केला आणि तिला खिडकी सुचली. साऱ्या शहराचा आवाज त्या खिडकीतून आत येतो, असं जो तो म्हणतो. म्हणजे शब्दही तिथूनच येत असणार. मग रोज दुपारी ती खिडकीशी चटई अंथरायची, खळीला तिथे बसवायची आणि स्वतः शेजारी बसून बाह्या उसवायची. रोप उन्हात ठेवावं तशी. पोर पानापानानं वाढेल, अशी वाट बघत.

आणि पोर बोलू लागली. मालकीणबाईंनी जिन्यात ऐकलं, पत्रेवाल्यानं ऐकलं, भाजीवाल्यानं ऐकलं. सगळ्यांनी खुणेनं सांगितलं, बोलते हो तुमची. सुईला आभाळ ठेंगणं झालं. काय बोलते, हे विचारायचं तिला सुचलं नाही. सांगणाऱ्यांनी हसत सांगितलं होतं, म्हणजे गोडच बोलत असणार.

नणंदबाईंचं मात्र त्या वर्षी गुडघ्याचं दुखणं निघालं. शहराच्या कडेवरून चौकात येणं आणि हा जिना चढणं त्यांना झालं नाही. त्या आल्या थेट शाळेच्या दिवशी. प्रवेशासाठी मुलांशी दोन शब्द बोलायची तिथे पद्धत होती.

शाळेच्या बाई मऊ चेहऱ्याच्या होत्या. त्यांनी खळीला जवळ घेतलं. "बाळ, नाव काय तुझं?"

"पुढे सरका," खळी ओरडली. "पुढे सरका, मधे जागा आहे."

बाई हसल्या. "बरं, सरकले. घरी कोण कोण असतं?"

खळीनं आईकडे बघितलं आणि भराभर हातांनी सांगितलं, आई, बाबा, आम्ही तिघं, आणि पातेलं. बाईंना त्यातलं काही कळलं नाही.

"तोंडानं सांग हं."

"सुट्टे काढा. सुट्टे नसतील तर खाली उतरा." मग, बाईंचा चेहरा बघून, आपलं काहीतरी चुकतंय हे तिला कळलं असावं. तिनं ठेवणीतलं काढलं. "मेल्या, जिना काय तुझ्या बापाचा आहे?"

मालकीणबाई हौसेनं सोबत आल्या होत्या. त्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

नणंदबाई पांढऱ्या पडल्या. सुई एकेका चेहऱ्याकडे बघत होती. "काय म्हणाली? चांगलं म्हणाली का?" तिनं विचारलं.

मग शाळेच्या बाई बराच वेळ बोलल्या आणि नणंदबाईंनी ते हातांनी, जमेल तितकं मऊ करून, सांगितलं. मुलगी हुशार आहे. पण तिच्याशी कुणी बोललेलंच नाही. चौक कुणाशी बोलत नाही, चौक नुसता ओरडतो. तिला वाटतं बोलणं म्हणजे तेच. आत्ता वर्गात घातली तर पोरं हसतील आणि ती कायमची मिटेल. वर्षभर बोलत्या घरात राहू दे, पुढच्या वर्षी डोळे झाकून वर्गात घेते.

सुई खुर्चीत बसून राहिली. "आवाज आणि बोलणं वेगळं असतं?" तिनं नणंदेला विचारलं.

"हो गं."

"मला कुणी सांगितलं नाही." मग, "मी तिला रोज बसवत होते. एक दिवस चुकवला नाही."

नणंदबाईंनी खळीला मांडीवर ओढून घेतलं. त्यांना मूल नव्हतं. घर होतं, मागे पेरूचं झाड होतं, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारा पण बोलणारा नवरा होता. जे म्हणायचं ते त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. चार दिवसांनी म्हटलं, जिना चढून येऊन, धापा टाकत.

"वर्षभर माझ्याकडे ठेव. पळवून नेत नाही मी."

"आपणच तिकडे राहायला जाऊ," कोरक्या म्हणाला. आणि ते खरंच खोली बघायला गेले. नणंदबाईंच्या गल्लीतच एक होती, भाडं इथल्याहून बरंच हलकं, अंगणात ऊन, पाणी दिवसभर. घरमालकानं दोघांचे हात चालताना बघितले आणि त्यानंतर तो फक्त नणंदबाईंकडे बघून बोलू लागला.

"आग लागली, चोर आला, कुणी हाका मारल्या, तर? माझ्या जिवाला घोर नको."

"चोर काय हाका मारून येतो?" नणंदबाई म्हणाल्या. पण खोली मिळाली नाही. पुढे आणखी दोन दारं ठोठावली, तिथेही हेच, फक्त शब्द जरा साखरेतले. कोरक्यानं तिथल्या बाजारात कामाची चौकशी केली. तिथे घरं ठेंगणी, माणसं ओळखीची, पाट्यांची गरज कुणाला? परतताना अंधार पडला. त्या गल्लीत दिवे लांब लांब होते. दोघांना एकमेकांचे हात दिसेनात. बसच्या थांब्यापर्यंत ती दोघं एकही शब्द न बोलता चालली, आणि सुईला लग्नानंतरचे ते पहिले काळोख आठवले.

त्या संध्याकाळी, हिरव्या उजेडात, त्यांनी घराची तागडी मांडली. एकानं एक सांगायचं, दुसऱ्यानं दुसरं.

"इथे माझं काम."

"इथे तिचं तोंड बिघडलं."

"इथे आपली माणसं. बाकावरची."

"ती आपली. तिची कोण?"

"इथे रात्री तू मला दिसतेस," कोरक्या म्हणाला.

सुईनं झोपलेल्या लेकीकडे बघितलं. खाली बसचा भोंगा वाजला असावा, कारण फळी किंचित हलली. खळी झोपेत हसली.

"एक वर्ष," सुई म्हणाली. "पाहुणी म्हणून."

आत्याकडे सोडलं तेव्हा खळीला काही कळलं नाही. पेरूच्या झाडाला ती झाड म्हणाली नाही, तिनं सगळी पाच बोटं पसरून वर बघितलं. पहिले पंधरा दिवस आत्याच्या घरात तिला झोप लागली नाही, इतकी शांतता होती. आत्या रात्रभर शेजारी बसून बोलायच्या. काहीही. पेरूचं, मुंगीचं, गुडघ्याचं. पोर त्यांच्या आवाजाला धरून झोपायला शिकली.

दर सुट्टीला आईबाप जायचे. पहिल्या महिन्यात खळी गल्लीच्या तोंडाशी उभी असायची आणि लांबूनच हात सुरू करायची. आठवडाभराचं सगळं, एकात एक गुंतलेलं. मग ती अंगणात उभी राहू लागली. मग दारात. एकदा ते पोचले तेव्हा ती पाठमोरी बसून बाहुलीला काहीतरी सांगत होती, आणि सुईनं बाजूनं बघितलं तर तिचे ओठ हलत होते, अगदी हळू, पाण्यावर वारा फिरावा तसे. सुईला त्याचा अभिमान वाटला. मग तिनं विचारलं, "काय सांगत होतीस?"

"काही नाही," खळीचा हात म्हणाला.

हे दोन शब्द त्या हातांनी आईला आजवर कधी सांगितले नव्हते.

पुढे पुढे खुणा विसरू लागल्या. बोटं मधेच थांबायची, हवेत लटकायची. मग खळी आत्याकडे वळायची आणि तोंडानं सांगायची, आईला सांगा ना, आज मी झाडावर चढले. आत्या ते हातांनी आईला सांगायच्या. लेक समोर असून सुई लेकीचं बोलणं नणंदेच्या बोटांवर बघायची.

"तूच सांग ना गं," आत्या रागवायच्या. "तुझी आई आहे. हात काय गहाण टाकलेस?"

"तुम्ही सांगा. तुम्हाला पटकन येतं," खळी म्हणायची. आता तिचं बोलणं किती मऊ झालं होतं, हे आत्या बहिऱ्या भावजयीला कशानं सांगणार? सांगायच्या, "गोड बोलते." सुई म्हणायची, "हो? अजून सांगा." आणि आत्यांचे शब्द संपायचे.

परतताना बसमध्ये कोरक्या म्हणायचा, "वर्ष काय, बघता बघता जाईल." सुईला तेच तर नको होतं. बघता बघता जात होतं.

वर्ष झालं. शाळेच्या बाईंनी शब्द पाळला. सुईनं खोलीला नवे पडदे शिवले, कोरक्यानं लेकीच्या उंचीची एक फळी बसवली, खिळा न मारता, विटांवर. आत्या खळीला घेऊन आल्या. जिन्याच्या पहिल्या वळणावर त्यांना वाटलं, पोर थबकली. पण आईबाप वरून हात हलवत होते, म्हणून त्या चढत राहिल्या.

दार उघडलं. खळी आईला बिलगली, बापाच्या कमरेला बिलगली. मग खाली हातोडा पडला.

सुईला तो टाचेत जाणवला, नेहमीसारखा, ओळखीचा. खळी मात्र फटका बसल्यासारखी आक्रसली. दुसरा ठोका. समोर बसचा भोंगा. खळीनं दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबले आणि भिंतीशी जाऊन बसली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

खळी नुसती बघत राहिली.

"सांग ना. भूक लागली? पोट दुखतं?"

आईनं पुन्हा विचारलं, बापानं विचारलं. मग खळीनं एक हात काढला, अर्धा शब्द केला, "फार," आणि बाकीचा शब्द व्हायच्या आत तो हात पुन्हा कानाशी पळाला. तेव्हा सुईला कळलं. हात कानांवर आहेत. बोलणार कशानं?

कोरक्या खाली गेला. पत्रेवाला भला माणूस. त्यानं खुणेनं सांगितलं, पोरीसाठी दोन दिवस हातोडा बंद. पण चौकाला कोण सांगणार? त्यांनी खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गोधडी टांगली. आवाज थोडा अडला असेल. हिरवा उजेड पुरता अडला. औषधवाल्यानं कापूस दिला, डोकेदुखीची मजेशीर खूण करून दाखवली. खळी हसली नाही.

ती आठवडाभर तशीच होती. रात्री झोप नाही, ताटातलं तसंच. एका हातानं घास, दुसरा कानावर. आईला बिलगून बसायची, सोडायचीच नाही, पण बोलायची नाही. सुई तिच्या मनगटांना धरून हलकेच खाली ओढायची आणि ती मनगटं हलकेच परत वर जायची.

"होईल सवय," कोरक्या म्हणाला. "पूर्वी नव्हती का? याच ठोक्यावर झोपायची."

"तेव्हा तिला याशिवाय काही माहीत नव्हतं."

"थोडे दिवस आणखी बघू."

"किती? तिचे हात सुकेपर्यंत?"

कोरक्यानं खिडकीवरची गोधडी जरा बाजूला केली, बायकोचं तोंड नीट दिसावं म्हणून. ती रडत नव्हती. तिचे हात मांडीवर उलटे पडले होते, तळवे वर करून, रिकामे. त्यानं तिच्या तळव्यावर नखानं एक रेघ ओढली, स्वतःचं नाव. मी आहे, एवढंच. मग तोच उठला आणि लेकीचे कपडे पिशवीत भरू लागला. घडी काही त्याला नीट जमत नव्हती.

सकाळी सुई खळीला घेऊन निघाली. कोरक्या बसच्या थांब्यापर्यंत आला. मालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बस चौकातून वळली. खळी खिडकीशी, तळवे कानांवर. मोठी दुकानं मागे गेली, दवाखाना गेला, कोरक्याच्या दुकानाची गल्ली गेली. रस्ता मोकळा होत गेला. पुलापाशी खळीचा एक हात खाली आला आणि मांडीवर बसला, सावध, पाखरासारखा. थोड्या वेळानं दुसरा आला.

मग ती बोलू लागली. आधी अडखळत. "आई. माझी बाहुली. तिथे एकटी." मग भराभर. झाडाला फुलं आलीत. आत्याचा गुडघा कुरकुरतो, मला ऐकू येतो. काका घोरतात, असे. तिनं गाल फुगवून दाखवले. विसरलेल्या खुणांच्या जागी तिनं नव्या केल्या, वाकड्यातिकड्या, आणि सुईला एकूण एक कळल्या. आठवडाभर दाबून धरलेलं सगळं त्या बोटांतून ओघळत होतं. सुई बघत होती. बाहेर काय चाललंय, कुठला थांबा गेला, तिनं बघितलं नाही. घर जितकं मागे पडत होतं तितकी लेक तिला परत मिळत होती. ही बस अशीच जात राहावी, कुठेच पोचू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"तू पण राहा ना तिथे," खळी म्हणाली.

"तिथे आम्हाला कुणी खोली देत नाही."

"मी सांगेन त्यांना. मला बोलता येतं आता."

"हो," सुई म्हणाली. "तू सांग."

बस थांबली. वाहकानं काहीतरी पुकारलं असावं, कारण खळीनं मान वर केली, बाहेर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही तळव्यांची टोकं एकमेकांना टेकवली, छपरासारखी.

"घर आलं."

सुईच्या एका हातात पिशवी होती. घर म्हणायला दोन हात लागतात. तिनं नुसती मान हलवली आणि लेकीच्या मागून उतरली.